बावीस इंचांचे दार

लंडनच्या उत्तर भागात हेंडन येथे ब्रिटिश हवाईदलाचे संग्रहालय आहे. तेथे १९७२ पासून लँकॅस्टर जातीचे एक अवजड बाँबफेकी विमान ठेवलेले आहे. त्याचा क्रमांक आर ५८६८. परंतु लोक त्याला ‘एस फॉर शुगर’ या नावाने ओळखतात. विमानाच्या तोंडाशी बाँबच्या लहान लहान आकृत्यांच्या ओळी रंगवलेल्या आहेत. एक आकृती म्हणजे एक मोहीम. अशा १३७ मोहिमा या विमानाच्या नावावर जमा आहेत. राईशच्या आकाशात शत्रूचे एकही विमान उडू शकणार नाही, ही हेर्मान गोअरिंग यांची बढाईही तेथेच थट्टेखातर रंगवून ठेवली आहे. पाहणारा प्रथम त्या आकृत्या मोजू लागतो आणि मोजून झाल्यावर त्याच्या मनात त्या यंत्राविषयी आदर उत्पन्न होतो, हे स्वाभाविकच आहे.

परंतु विमान स्वतः काहीच करीत नाही. ते बांधले मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड पार्कमधील मेट्रोपोलिटन-व्हिकर्स कारखान्याच्या कामगारांनी. ते उडवले प्रथम ८३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधील आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या ४६७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधील माणसांनी. ही माणसे सारखी बदलत गेली. एकूण ७,३७७ लँकॅस्टर विमाने बांधली गेली. त्यांपैकी शंभर मोहिमांचा पल्ला गाठणारी सुमारे पस्तीसच होती. म्हणजे हेंडनचे विमान हा नियम नव्हे, अपवाद आहे. नियम कसा होता हे पाहावयाचे असेल तर जी विमाने आज कोठेही उभी नाहीत त्यांच्याकडे, किंबहुना त्यांच्यातील माणसांकडे वळावे लागते.

लँकॅस्टरमध्ये सात जण असत. वैमानिक एकच, त्याच्या शेजारी इंजिने सांभाळणारा अभियंता, पडद्याआड दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात नकाशावर मान घालून बसलेला मार्गदर्शक, बिनतारी यंत्रावरचा संदेशवाहक, विमानाच्या नाकात पालथा पडून खाली पाहणारा बाँबफेक्या, पाठीवरच्या घुमटात एक बंदूकवाला आणि शेपटीच्या टोकाला दुसरा. या शेपटीतल्या माणसाची अवस्था सर्वांत बिकट. बाकीच्या सहा जणांपासून तुटलेला, शून्याखाली तीस-चाळीस अंशांच्या थंडीत, सात-आठ तास तो अंधाराकडे तोंड करून बसे. समोरच्या पारदर्शक पत्र्यावर धुके साचते आणि त्यात शत्रूचे विमान दिसत नाही म्हणून अनेकांनी तो पत्राच काढून टाकला होता. थंडी पत्करली, पण आंधळेपणा नको! त्याची हवाई छत्रीही त्याच्याजवळ नसे. ती घुमटाच्या मागे विमानाच्या पोटात टांगलेली असे.

या सातांचे सरासरी वय बावीसच्या आसपास होते. सर्व जण स्वेच्छेने आलेले. कोणी गिरणीतला कारकून, कोणी यंत्रशाळेतला उमेदवार, कोणी नुकताच शाळा सोडलेला मुलगा. प्रशिक्षण केंद्रावर त्यांना एका मोठ्या हँगरमध्ये एकत्र सोडून देत आणि तुमचे तुम्ही जमवून घ्या, असे सांगत. माणसे एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहत, दोन शब्द बोलत आणि तासाभरात सात-सातांची कुटुंबे तयार होत. ब्रिटिश सैन्यासारख्या पायरी-पायरीने बांधलेल्या संस्थेत असा प्रकार चालत असे, यावर सहज विश्वास बसत नाही. आकाशात तर सार्जंट हुद्द्याचा वैमानिक विमानाचा प्रमुख असे आणि त्याच्या हाताखालचा मार्गदर्शक कमिशन मिळालेला अधिकारी असे. मृत्यूच्या छायेत वर्गभेद असा गळून पडे. मात्र विमान उतरले की तो पुन्हा उभा राही : अधिकाऱ्यांची खाणावळ वेगळी, सार्जंटांची वेगळी. रात्रभर एका पत्र्याखाली जगलेले सात जण सकाळी दोन निरनिराळ्या टेबलांवर बसून अंडे खात. हे अंडे ही त्यांची खास मिजास होती. सामान्य इंग्रज नागरिकाला त्या काळी आठवड्याला एक अंडे मिळाले तरी तो स्वतःला भाग्यवान समजे.

यांत केवळ इंग्रज नव्हते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड येथील तरुण मोठ्या संख्येने होते; वेस्ट इंडीजमधून आलेली शेकडो कृष्णवर्णीय मुले होती. साम्राज्याचा शिक्का स्क्वाड्रनांच्या नावांवरही होता. ३५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘मद्रास प्रेसिडेन्सी’, १०२ ला ‘सिलोन’, २१८ ला ‘गोल्ड कोस्ट’ अशी नावे जोडलेली होती. ज्या प्रजेला स्वतःच्या घरचा कारभार पाहण्याचा अधिकार नव्हता, तिच्या नावाने हँबुर्ग आणि बर्लिनवर विमाने जात होती. त्या नावांतल्या माणसांना हे कितपत ठाऊक होते कोण जाणे.

तीस मोहिमा पूर्ण केल्या की एक पाळी संपे. मग सहा महिने शिकवण्याचे काम, आणि पुढे वीस मोहिमांची दुसरी पाळी. आता हिशेब पाहावा. १९४३-४४ च्या हिवाळ्यात दर मोहिमेस शेकडा चार-पाच विमाने परत येत नसत. शेकडा चार हा आकडा ऐकताना लहान वाटतो. परंतु शंभर विमाने दर खेपेस शेकडा चार या प्रमाणात घटत गेली, तर तीस मोहिमांच्या अखेरीस एकोणतीस उरतात. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर ७९५ विमाने निघाली. ९५ परतली नाहीत. संपूर्ण युद्धात बाँबर कमांडच्या सुमारे सव्वा लाख विमानकर्मींपैकी ५५,५७३ मृत्युमुखी पडले. यातले पाच हजारांहून अधिक तर शत्रूचे तोंड पाहण्यापूर्वी, प्रशिक्षणातच गेले.

युद्ध म्हटले की माणसे मरावयाचीच, असे यावर कोणी म्हणेल. ते मान्य केले तरी एक प्रश्न उरतोच. जी माणसे वाचवता आली असती तीही मेली काय? मुख्यालयातल्या एका साध्या तपशिलाने या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे.

फ्रीमन डायसन हा पुढे जगप्रसिद्ध झालेला पदार्थवैज्ञानिक १९४३ मध्ये एकोणीस वर्षांचा होता आणि हाय विकंब येथील बाँबर कमांडच्या संशोधन विभागात आकडेमोड करीत होता. या विभागाने एक हिशेब मांडला. शत्रूने पाडलेल्या अमेरिकन दिवसा-बाँबरांतील निम्मी माणसे हवाई छत्रीने उतरून वाचत. हॅलिफॅक्स आणि स्टर्लिंग या ब्रिटिश विमानांतील सुमारे शेकडा पंचवीस वाचत. लँकॅस्टरमधील केवळ पंधरा. लँकॅस्टर सर्वांत नवे, सर्वांत वेगवान, सर्वांत अधिक बाँब वाहणारे. आणि त्यातूनच माणूस सर्वांत कमी बाहेर पडत होता. कारण शोधता शोधता ते सापडले. सुटकेचे दार हॅलिफॅक्समध्ये चोवीस इंच रुंद होते, लँकॅस्टरमध्ये बावीस. जाड गरम कपडे, वर हवाई छत्री, विमान पेटून गिरक्या घेत असलेले आणि काळोख. अशा वेळी दोन इंच म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. विभागातील एका सहकाऱ्याने दार रुंद करण्यासाठी पाठपुरावा सुरू केला. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. दोन वर्षांनी सुधारणा मान्य झाली तेव्हा युद्ध जवळजवळ संपलेले होते. त्या दोन इंचांपायी काही हजार जीव गेले असावेत, असा डायसन यांचा अंदाज होता.

दुसरी गोष्ट याहून कडवट आहे. नव्या चमूंना सांगितले जाई की पहिल्या काही मोहिमा निभावल्या की अनुभवाने धोका कमी होतो. डायसन यांनी आकडे तपासले. १९४४ मध्ये असे काहीही आढळले नाही. पंचविसाव्या मोहिमेवर निघालेला चमू पहिल्या मोहिमेवरच्या चमूइतकाच असुरक्षित होता. त्यांना मारणारी गोष्ट अनुभवाने ओळखता येण्यासारखी नव्हती. जर्मन रात्र-लढाऊ विमाने खालून, न दिसता, वर रोखलेल्या तोफांनी मारा करीत. बंदुकींचे घुमट काढून टाकले तर विमानाचा वेग ताशी पन्नास मैलांनी वाढेल आणि निदान बंदूकवाले तरी घरी राहतील, असाही विचार या विभागात झाला. वरिष्ठांना तो रुचणारा नव्हता म्हणून तो वर गेलाच नाही. मुलांना खोटी आशा देणे चालू राहिले.

ही खोटी आशा केवळ विमानात बसणाऱ्यांपुरती नव्हती. जनतेलाही तीच दिली जात होती. ऑगस्ट १९४१ मध्ये बट अहवालाने दाखवून दिले होते की लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी तिनांत एकच लक्ष्यापासून पाच मैलांच्या आत पोचत होते. रूरच्या औद्योगिक प्रदेशात तर दहांत एक. कारखाना सापडत नाही, तर शहर सापडेल, असा निष्कर्ष यातून काढण्यात आला. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशात मोहिमेचे लक्ष्य म्हणून शत्रूच्या नागरी जनतेचे, आणि त्यातही विशेषतः औद्योगिक कामगारांचे मनोधैर्य, असे स्पष्ट नमूद केले आहे. हवाईदलप्रमुख पोर्टल यांनी दुसऱ्याच दिवशी आणखी खुलासा केला की नेम गोद्यांवर वा विमान कारखान्यांवर धरावयाचा नसून दाट वस्तीवर धरावयाचा आहे.

औद्योगिक कामगार! २७ जुलै १९४३ च्या रात्री हँबुर्गमध्ये आगीचे वादळ उठले ते हामरब्रोक, हाम, रोथेनबुर्गसोर्ट या भागांत. या गोदी कामगारांच्या, रोजंदारीवाल्यांच्या चाळींच्या वस्त्या होत्या. हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच्या नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत या शहरात सामाजिक लोकशाहीवादी आणि साम्यवादी यांना मिळून नाझींपेक्षा कितीतरी अधिक मते पडली होती. त्या हल्ल्यांच्या आठ-दहा दिवसांत हँबुर्गमधील पस्तीस ते चाळीस हजार माणसे मेली. नाझी पक्षाच्या बड्या असामींचे बंगले अशा दाट वस्तीत नव्हते.

येथे एका गोष्टीची नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे. हिटलरविरुद्धचे युद्ध अटळ होते आणि न्याय्यही होते. गेर्निका, वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्री ही नावे कोणी विसरू नयेत. हवाई हल्ल्यांमुळे जर्मनीच्या हजारो तोफा आणि लाखो माणसे रशियन आघाडीऐवजी आपल्याच शहरांवरील आकाशाकडे डोळे लावून बसली, हेही खरे. ऑगस्ट १९४२ मध्ये मॉस्कोला आलेल्या चर्चिल यांना स्टालिन यांनी कारखान्यांबरोबर घरेही पाडा, असेच सांगितले होते. तेव्हा साम्यवादी गोटाला या प्रश्नावर हात झटकता येत नाहीत. मात्र युद्ध न्याय्य असले की त्यातली प्रत्येक गोष्ट न्याय्य ठरते, हा तर्क ज्यांनी स्वीकारला त्यांनी आपल्या प्रश्न विचारण्याच्या हक्कावर आपण होऊन पाणी सोडले.

प्रश्न विचारणारे थोडे होते, पण होते. मजूर पक्षाचे रिचर्ड स्टोक्स यांनी पार्लमेंटात वारंवार विचारले : वैमानिकांना लष्करी ठाण्यांऐवजी सबंध वस्त्यांवर बाँब टाकण्याचे हुकूम दिले आहेत काय? मार्च १९४३ मध्ये हवाईमंत्री सिंक्लेअर यांनी उत्तर दिले की लक्ष्ये नेहमी लष्करीच असतात. मे महिन्यात याच प्रकारच्या प्रश्नाला उत्तर देण्यास उभे राहिले ते उपपंतप्रधान क्लेमेंट ॲटली, म्हणजे स्टोक्स यांच्याच पक्षाचे नेते. सरसकट बाँबफेक मुळीच होत नाही, असे त्यांनी सांगितले. तो आदेश निघून तेव्हा सव्वा वर्ष झाले होते. ॲटली हे पुढे १९४५ नंतर ब्रिटिश कामगारांना जे देऊ शकले त्याचे मोल कोणीही नाकारणार नाही. भारताच्या स्वातंत्र्याच्या कायद्याशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. म्हणूनच त्या दिवसाचे त्यांचे उत्तर अधिक खुपते. ‘औद्योगिक कामगार’ हे शब्द ज्या कागदावर लक्ष्य म्हणून लिहिले होते, त्यावर मजूर पक्षाच्या नेत्याने सभागृहात पांघरूण घातले.

गंमत अशी की या प्रकरणात सरळ बोलणारा एकच बडा माणूस निघाला, आणि तो म्हणजे बाँबर कमांडचे प्रमुख आर्थर हॅरिस! जर्मन शहरांचा विध्वंस आणि जर्मन कामगारांची हत्या हेच आमचे उद्दिष्ट आहे, असे जनतेला उघडपणे सांगा, अशी मागणी त्यांनी ऑक्टोबर १९४३ मध्ये हवाई मंत्रालयाकडे केली. नाही तर आपण काही लाजिरवाणे काम करीत आहोत असे आमच्या माणसांना वाटेल, हा त्यांचा मुद्दा होता. मंत्रालयाने नकार दिला. हॅरिस यांचे धोरण निर्दय होते. पण आपल्या हाताखालच्या मुलांना एक सांगावयाचे आणि देशाला दुसरे, हा दुटप्पीपणा त्यांना पसंत नव्हता.

आतल्या गोटातही विरोध झाला होता. मार्च १९४२ मध्ये लॉर्ड चेरवेल यांनी चर्चिल यांच्यापुढे हिशेब मांडला की दीड वर्षात जर्मनीची एक तृतीयांश जनता बेघर करता येईल. हा अंदाज पाचपट फुगवलेला आहे, असे टिझार्ड म्हणाले. सहापट, असे पॅट्रिक ब्लॅकेट म्हणाले. ब्लॅकेट हे समाजवादी विचारांचे पदार्थवैज्ञानिक. पुढे नोबेल पारितोषिक मिळवलेले, आणि पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून स्वतंत्र भारताला संरक्षण-विज्ञानाबाबत सल्ला देणारे. त्यांचे गणित खरे ठरले, पण मानले गेले चेरवेल यांचे. लॉर्ड सभेत ९ फेब्रुवारी १९४४ रोजी चिचेस्टरचे बिशप बेल उभे राहिले आणि शत्रूच्या शहरांवरील बाँबफेकीच्या धोरणाला त्यांनी आव्हान दिले. त्यांना देशद्रोह्याच्या पंक्तीला बसवण्यात आले.

मंत्र्यांना खोटे बोलल्याबद्दल शिक्षा झाली नाही. उडण्यास नकार देणाऱ्या सार्जंटला मात्र होत असे. वीस-पंचवीस मोहिमांनंतर ज्याचे हात कापू लागत, ज्याला झोप लागत नसे, तो पुढे जाण्यास असमर्थ ठरला तर त्याच्या कागदावर ‘नैतिक धैर्याचा अभाव’ असा शेरा मारीत. गणवेशावरचे पंख उतरवले जात, हुद्दा काढून घेतला जाई आणि झाडलोटीसारख्या कामावर किंवा कोळशाच्या खाणीत त्याची रवानगी होई. अधिकाऱ्याला निदान राजीनाम्याची वाट मोकळी असे. धैर्य म्हणजे नेमके काय, हे त्या शेरा मारणाऱ्यांनी जमैकाच्या बिली स्ट्रॅकन यांना विचारावयास हवे होते. सायकल आणि सॅक्सोफोन विकून ते इंग्लंडला आले. संदेशवाहक म्हणून तीस मोहिमांची पाळी पुरी केली, नंतर वैमानिक झाले. एका धुक्याच्या रात्री लिंकनच्या कॅथेड्रलचे शिखर विमानाच्या पंखाला लागता लागता राहिले. स्ट्रॅकन यांना ते दिसलेही नव्हते. अभियंत्याने सांगितले तेव्हा कळले. त्या क्षणी त्यांच्यातले काहीतरी संपले, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितले आहे. ते पुन्हा उडले नाहीत. पुढे ते साम्यवादी पक्षात गेले आणि वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी व ब्रिटनमधील कृष्णवर्णीय कामगारांसाठी आयुष्यभर झगडले. अशा माणसाला भित्रा म्हणण्यास जीभ रेटणार नाही.

फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन जळाले. सुमारे पंचवीस हजार माणसे मेली. ६ मार्चला स्टोक्स यांनी तो विषय सभागृहात आणला. २८ मार्चला चर्चिल यांनी एक टिपण लिहिले की दहशतीसाठी चाललेल्या बाँबफेकीचा आता फेरविचार करावा. जणू हे सारे दुसऱ्याच कोणाचे काम होते! हवाईदलाचे अधिकारी संतापले. टिपण मागे घेऊन सौम्य शब्दांत पुन्हा लिहिले गेले. मे महिन्यातल्या विजयाच्या भाषणात बाँबर कमांडचा उल्लेख नव्हता. या माणसांसाठी वेगळे पदकही काढण्यात आले नाही. १९९२ मध्ये हॅरिस यांचा पुतळा उभा राहिला. सातांचे स्मारक लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये व्हावयास २०१२ साल उजाडले, आणि पदकाच्या फितीवर लावावयाची एक लहानशी पट्टी २०१३ मध्ये मिळाली. तोवर बहुतेक जण गेलेले होते. सेनापती आधी, सार्जंट वीस वर्षांनी!

या दिरंगाईची कारणे सांगताना कित्येकदा असे म्हटले जाते की जर्मन नागरिकांच्या मृत्यूंमुळे ब्रिटनची सदसद्विवेकबुद्धी टोचत होती. साडेतीन ते सहा लाख जर्मन नागरिक या हल्ल्यांत मेले. सद्सद्विवेकबुद्धी टोचावयास हे पुरेसे आहे. परंतु टोचणी लागली ती आदेश काढणाऱ्यांच्या नव्हे, आदेश पाळणाऱ्यांच्या खात्यावर जमा करण्यात आली. पोर्टल, सिंक्लेअर, चेरवेल यांना उमरावपदे मिळाली. शेपटीच्या घुमटात बसलेल्या मुलाने आपण कोणती वस्ती जाळली हे स्वतःशी फेडावे, असे ठरले. यापैकी कित्येकांनी ते मरेपर्यंत फेडलेही. त्यांना वीर म्हणून मिरवणारे आणि खुनी म्हणून हिणवणारे, दोघेही एकच चूक करतात. ग्रीन पार्कमधील स्मारकावर सर्व राष्ट्रांतील बाँबहल्ल्यांच्या बळींचाही उल्लेख आहे, ही गोष्ट त्या दृष्टीने चांगली झाली. परंतु १४ फेब्रुवारी १९४२ चा आदेश त्या दगडावर कोठे नाही.

एप्रिल-मे १९४५ मध्ये याच लँकॅस्टर विमानांना एक वेगळे काम मिळाले. बाँबच्या जागी माणसे भरून जर्मनीतील छावण्यांतून सुटलेले सुमारे पंचाहत्तर हजार युद्धकैदी त्यांनी इतर विमानांच्या जोडीने इंग्लंडला परत आणले. एका विमानात चोवीस-पंचवीस जण. बसावयास आसने नव्हती. ते खाली पत्र्यावरच एकमेकांना टेकून बसत. त्यांत काही जण असे होते की जे वर्ष-दोन वर्षांपूर्वी पेटलेल्या लँकॅस्टरच्या त्या बावीस इंची दारातून कसेबसे बाहेर पडले होते. या वेळी ते शिडी लावून, एकेक करून, शेपटीकडच्या दाराने आत चढले.